भरलेली पेटी उठून गेली, अर्धी टिकली

१७ मे, सकाळचे दहा वाजत आलेले. टिनाच्या छपराखालच्या पेटीतून मधमाश्यांचा लोंढा बाहेर पडला, गोठ्यावर दोन-तीन चकरा मारल्या, बांधावरच्या बोरीच्या फांदीला तासभर लटकला आणि मग टेकडीच्या अंगानं निघून गेला. संध्याकाळी पेटी उघडली तर आत सात पोळी, तळपाटावर मूठभर भुगा आणि वाट चुकलेल्या तीस-चाळीस माश्या. वीस पावलांवर निंबाखाली ठेवलेली दुसरी पेटी मात्र नेहमीसारखी चालू होती.

उठून गेलेली पेटी दोघींतली जोरकस होती. मध तिनंच दिला होता. मागं राहिली ती रोडकी.

"तपनीनं गेल्या जी माशा, आता काय करता," असं घरधन्याचं म्हणणं. विदर्भात मे महिन्यात पेटी रिकामी झाली की तपनीचं, म्हणजे उन्हाच्या काहिलीचं, हे एकच कारण सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. आणि राहिलेलं अर्धं कळलं नाही तर पुढच्या वर्षीही तेच होतं. हे प्रकरण नमुन्याचं आहे. अनेक परसांत दिसणाऱ्या गोष्टी एका घरात आणून मांडल्या आहेत, म्हणून गावाचं आणि घराचं नाव नाही. आकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत राहणाऱ्या देशी मधमाशीच्या, आठ चौकटींच्या पेटीला धरून आहेत.

जागा, रान आणि माश्या

गाव वर्धा जिल्ह्यातलं, आर्वी-कारंजा पट्ट्यातलं. शिवारात कपाशी, तूर, हरभरा. पाऊण किलोमीटरवर संत्र्याच्या बागा. घराच्या सांदवाडीत निंब, चिंच, दोन शेवगे. बांधांवर बोर, बाभूळ, पळस. सातेरी माशी चरायला किलोमीटर-दीड किलोमीटरच्या पलीकडं सहसा जात नाही, म्हणून पेटी ठेवण्याआधी मोजायचं ते एवढंच रान.

या रानाचा हिशोब असा. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलते, त्यावर वसाहत वाढते. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर संत्र्याचा आंबिया बहार. मधाचं खरं पीक हेच. मार्च-एप्रिलात निंब, मग करंज. त्यानंतर मे महिन्यात चिंचेचा फुलोरा सुरू होईपर्यंत जवळपास काही नाही. पाऊस लागल्यावर हिरवं दिसतं, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत माशीला बाहेर पडता येत नाही, आणि ती पडली तरी मकरंद धुऊन गेलेला असतो. तरोटा, कपाशी, बोर यांच्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गाडी पुन्हा रुळावर येते.

मराठीत मधपेटीची जी माहिती फिरते ती बहुतेक महाबळेश्वरकडच्या अनुभवाची. तिथं पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उन्हाळा सौम्य, त्यामुळं वसाहतीचा कठीण काळ पावसाळा. वर्ध्याकडं पाऊस हजाराच्या आसपास आणि पारा ४५च्या पुढं. इथं कठीण काळ दोन: आधी मे, मग ऑगस्ट. तिकडचं वेळापत्रक इकडं लावलं की पहिला तडाखा मे महिन्यातच बसतो.

दोन्ही मोहोळं दिवाळीनंतर धरलेली. एक निंबाच्या ढोलीतलं, पाच पोळ्यांचं. दुसरं पडीक विहिरीच्या कपारीतलं, तीनच पोळ्यांचं. दोन्ही सातेरी. आग्या माशी पेटीत राहत नाही, फुलोरीही नाही. त्या उघड्यावर एकच पोळं बांधतात. सातेरी अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणूनच तिला पेटी मानवते. गावात पेटी म्हटलं की लोक घाबरतात ते आग्याच्या धाकानं. सातेरी तशी गरीब असते, फक्त भर दुपारी आणि ढगाळ हवेत तिला उघडू नये.

भरणी कशी झाली ते थोडक्यात सांगायला हवं, कारण तिथं चूक झालेली नव्हती आणि ती शंका मिटवून टाकलेली बरी. काम दुपारी चारनंतर. धूर थोडा, वाळल्या शेणाच्या गोवरीचा. पोळं सुरीनं अलगद कापून मधाचा भाग वेगळा काढला, पिल्लांचा भाग चौकटीच्या मापानं छाटला आणि सुती दोऱ्यानं बांधला. पोळ्याची वरची बाजू वरच ठेवली. घरं तोंडाकडं किंचित चढती असतात, उलटं बांधलं तर मकरंद गळतो. सुती दोरा माश्या आठवडाभरात कुरतडून बाहेर फेकतात. नायलॉनच्या दोऱ्यात त्यांचे पाय अडकतात, म्हणून तो वापरू नये. राणी आत गेल्याची खात्री झाल्यावर दारावर राणीद्वार, म्हणजे राणीला बाहेर पडू न देणारी जाळी, लावलं आणि चौथ्या दिवशी काढलं. ते महिनाभर तसंच राहिलं तर नर माश्या आत कोंडून मरतात, आणि राणी कोरी असेल तर तिचं मीलनच होत नाही.

पेट्या सारख्याच, सागाच्या फळीच्या: तळपाट, आठ चौकटींची पिल्लाकोठी, वर कमी उंचीच्या चौकटींची मधकोठी, आतलं झाकण, बाहेरचं पत्र्याचं झाकण. दोन पोळ्यांच्या मध्यांतलं अंतर ३१-३२ मिलिमीटर. मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, पेटीचं माप ३५च्या आसपास असतं; त्या चौकटी सातेरीला दिल्या की ती मधल्या जागेत वेडंवाकडं पोळं ओढते. इथं तसं झालेलं नव्हतं.

फरक होता तो जागेत. पाच पोळ्यांची पेटी घराच्या पश्चिम भिंतीलगत, टिनाच्या छपराखाली. तिला पहिली पेटी म्हणू. तीन पोळ्यांची निंबाखाली, तोंड पूर्वेला, गुरांच्या पाण्याच्या टाक्यापासून दहा पावलांवर. ती दुसरी.

कॅलेंडरवर टिपलेलं

घरात एक चांगली सवय होती: पेटीचं जे काही केलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. त्यामुळं हे प्रकरण उलगडता आलं.

२० डिसेंबरला पहिलीत सहा चौकटी माश्यांनी झाकलेल्या, दुसरीत चार. २६ जानेवारीला पहिलीत सात, आणि तिच्यावर मधकोठी चढवली. दुसरीवर चढवली नाही, कारण पिल्लाकोठीच भरलेली नव्हती. हा निर्णय बरोबर. फेब्रुवारीत संत्रा फुलला. २ मार्चला पहिल्या पेटीच्या आठही मधचौकटी काढल्या. मध निघाला ३ किलो १०० ग्रॅम. सातेरीच्या पहिल्या हंगामाला हे उत्तम. या भागात एका पेटीतून वर्षाला पाच-सात किलो निघाला तर तक्रार करू नये.

इथंच थांबले असते तर हे लिहावं लागलं नसतं.

२४ मार्चला पुन्हा मधयंत्र बाहेर निघालं. निंब नुकता फुलत होता, मधकोठीच्या पाच चौकटींत मध होता, पण निम्म्याच घरांवर मेणाची झाकणं बसलेली. तो काढला, १ किलो ४०० ग्रॅम. मग खालची पिल्लाकोठी उघडली. सातेरी पिल्लांच्या वर, चौकटीच्या माथ्याला, मधाचा पट्टा राखून ठेवते. साधारण दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात एका चौकटीमागं दोनशे ग्रॅम बसतो. चार चौकटींचे असे पट्टे सुरीनं कापून फडक्यात पिळले: ८०० ग्रॅम. चौकोनात लिहिलेलं: "२.२ किलो. निंबावर परत भरते."

परत भरलं नाही. मार्चअखेर वादळी पाऊस आला, गारा पडल्या आणि निंबाचा मोहोर झडला. तो आला नसता तर ही पेटी कदाचित वाचलीही असती. पण पुढच्या बहारावर भरवसा ठेवून घरातलं धान्य विकणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही.

एप्रिलमध्ये दोन नोंदी. १२ एप्रिल: "माश्या आहेत." पेटी उघडल्याचा उल्लेख नाही. २८ एप्रिल: "हवेसाठी मागं दोन भोकं पाडली." ९ मेला वरचं झाकण उचलून पाहिलं, चौकटी काढल्या नाहीत. आणि मग १७ मे.

रिकामी पेटी वाचताना

मोहोळ उठून गेल्यावर लोक आधी पेटी धुऊन टाकतात. तसं करू नये. आतली पोळी हाच पंचनामा असतो, आणि मेणकिडा दोन आठवड्यांत तो खाऊन टाकतो.

पहिलं पाहायचं ते दारासमोर. विषारी फवारणीनं वसाहत मेली तर पेटीपुढं आणि तळपाटावर मेलेल्या माश्यांचा ढीग असतो, बऱ्याच माश्यांची सोंड बाहेर लटकलेली दिसते. इथं ढीग नव्हता. शिवाय मे महिन्यात शिवारात फवारणी नसतेच. दुसरी शंका थाई सॅकब्रूडची. १९९१च्या पुढं या विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहतींची वाताहत केली. त्यात घरातली अळी पाणी भरलेल्या पिशवीसारखी होते, डोकं वर करून मरते. इथं तशी एकही अळी नव्हती. मुळात अळ्याच नव्हत्या.

खरी खूण हीच. सातही पोळ्यांत अंडं नाही, उघडी अळी नाही. एका पोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बंद कोष होते, मोजून चौदा. मध एक थेंब नाही. पराग दोन-चार घरांत, वाळलेला.

आता दिवस मोजू. सातेरी कामकरी माशीचं अंडं तीन दिवसांत फुटतं, अळी आणखी पाचेक दिवसांत वाढते, मग घरावर झाकण बसतं आणि एकूण सुमारे वीस दिवसांनी माशी बाहेर येते. उघडं पिल्लू एकही नाही, म्हणजे ९ मेनंतरचं एकही अंडं वाढलेलं नाही. बंद कोष फक्त चौदा, म्हणजे २७ एप्रिल ते ९ मे या बारा दिवसांत वाढलेली अंडी चौदा. चांगल्या दिवसांत राणी रोज काहीशे अंडी घालते. राणीनं ती घातलीच नसतील किंवा घातलेली अंडी आणि कोवळ्या अळ्या माश्यांनी खाल्ल्या असतील; उपाशी वसाहत तसं करते. कसंही धरा, अर्थ एकच निघतो. या पेटीनं पिल्लं वाढवणं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच जवळपास बंद केलं होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तर आणखी महिनाभर लांब होता.

घाबरून पळालेलं मोहोळ पिल्लं टाकून जातं. मुंगळ्यांची धाड, पेटीची आदळआपट, पोळं वितळणं यांनी माश्या उठल्या तर मागं पिल्लांनी भरलेली घरं राहतात. ठरवून गेलेलं मोहोळ असलेली पिल्लं बाहेर पडू देतं आणि मग उठतं. ही पेटी ठरवून गेली. राणीनं अंडी थांबवली तेव्हाच त्यांचं बिऱ्हाड बांधायला सुरुवात झाली होती.

घरातल्या वहिनींनी एक गोष्ट नेमकी टिपली होती, फक्त तिचा अर्थ कुणी लावला नव्हता. "आठ दिस झाले, भिंतीकडल्या माशा टाक्यावर येऊनच नाई रायल्या," असं त्या १५ मेला म्हणाल्या होत्या. दारावर पाहिलं तर टाक्यावरून उडालेली माशी कुठल्या पेटीत शिरते ते कळतंच. ऐकणाऱ्याला वाटलं, पाण्याचा त्रास कमी झाला, बरं झालं. वसाहतीला पाणी लागतं ते दोन कामांना: पिल्लांचं खाणं पातळ करायला आणि पेटी थंड ठेवायला. ऐन मे महिन्यात पाण्याच्या खेपा थांबल्या म्हणजे आत थंड ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. पराग येणं तर त्याच्याही आधी थांबतं. दारात दहा मिनिटं बसून पायाला पिवळी-केशरी गोळी असलेल्या माश्या मोजाव्या. सकाळी आठ ते नऊच्या वेळी दहा मिनिटांत एकही दिसली नाही तर त्याच दिवशी पेटी उघडून अंडी शोधायची, झाकण उचलून माश्या पाहून समाधान मानायचं नाही. १२ एप्रिल आणि ९ मे या दोन्ही दिवशी नेमकं तेच झालं.

मग तपनीचं काय

एक आक्षेप रास्त आहे. दोन पेट्यांत फरक दोन होते, मध आणि सावली. मग दोष मधाचाच कशावरून?

पिल्लांच्या भागात माश्या ३४-३५ अंश राखतात. बाहेर ४४ असताना ते राखायचं तर पाणी आणून घरांच्या काठांवर पसरायचं आणि पंखांनी वारा घालायचा. कूलरचंच तत्त्व. हे काम अंगमेहनतीचं आहे आणि त्याला इंधन मध. रिकामी पेटी नंतर त्याच टिनाखाली ठेवून आत थर्मामीटर लावला तेव्हा दुपारी तीनला ४६ भरलं, निंबाखाली त्याच वेळी ४०. म्हणजे पहिल्या पेटीला काम जास्त आणि शिदोरी कमी. दोन्ही गोष्टी एकमेकींना मिळाल्या. पण पोळं कुठंही लोंबलेलं नव्हतं. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, तरी चाळिशीच्या पुढं ते मऊ पडतं आणि भरलेलं पोळं वजनानं खाली ओघळतं. तसं काही नाही, टाकून दिलेली पिल्लंही नाहीत. उन्हानं अचानक हाकललेलं मोहोळ असं दिसत नाही. म्हणून क्रम असा लावावा लागतो: आधी उपास, मग राणीची अंडी बंद, आणि शेवटचा धक्का टिनाचा.

मागं पाडलेल्या भोकांनी भर घातली ती वेगळीच. बाहेरची हवा ४४ अंशांची आणि कोरडी असताना भोक म्हणजे झळेला दार. माश्यांनी ओलावून थंड केलेली हवा निघून जाते. उन्हाळ्यात पेटीला दार पुढचं एकच, पूर्ण उघडं. वर आतल्या झाकणाखाली काडीएवढी फट असली तर चालते. बाकी बंद.

मधकोठी मेपर्यंत वरच होती, पोळ्यांसकट, रिकामी. थंड ठेवायची जागा त्यामुळं दीडपट झाली आणि तिथं गस्त घालायला माश्या उरल्या नाहीत. तीन मधचौकटींत मेणकिड्याची जाळी सापडली ती याचमुळं. किड्यानं मोहोळ घालवलं असं घरी वाटत होतं. जोरदार वसाहत मेणकिड्याच्या अळ्या ओढून बाहेर फेकते. तो पसरतो तो माश्या कमी आणि पोळी जास्त झाली की. बहार संपला की मधकोठी उतरवायची, तिच्या चौकटी पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून घरच्या फ्रीजरमध्ये चोवीस तास ठेवायच्या, मग कोरड्या जागी टांगायच्या.

मुंगळ्यांचं एका ओळीत: तिवईच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी ठेवलेलं होतं, ते मे महिन्यात दिवसात आटतं, दुसऱ्या पेटीच्या वाट्यांत ट्रॅक्टरचं जळकं ऑईल होतं.

दोन बाटल्या

जून लागला तेव्हा घरात मधाच्या दोन बरण्या होत्या. २ मार्चचा मध होता तसाच, घट्ट, संत्र्याच्या फुलाचा वास असलेला. २४ मार्चच्या बरणीवर फेस आलेला, झाकण उघडताना फुस्स झालं आणि वास आंबूस.

कारण सरळ आहे. माशी घरावर झाकण लावते ती मध पिकल्यावर, पाणी उडून गेल्यावर. भारतात मधाची मर्यादा २० टक्के पाण्याची आहे. झाकण न लागलेल्या घरांत पाणी त्याहून बरंच जास्त असतं आणि तिथं यीस्ट जोमानं वाढतं. त्यात पिल्लाकोठीतलं पोळं पिळलं की मधाबरोबर पराग आणि अळ्यांचा रस उतरतो. असा मध टिकत नाही आणि खरं तर तो मध म्हणून कुणाला देऊही नये.

चौकट काढण्याजोगी झाली का हे पाहायला यंत्र लागत नाही. निदान तीन चतुर्थांश घरं झाकलेली हवीत. मग चौकट आडवी धरून एक झटका द्यायचा. थेंब उडाले तर परत ठेवायची. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी काम करावं, आणि मध घरात, दारं-खिडक्या लावून काढावा. उघड्यावर काढला की शेजारच्या पेटीच्या माश्या चटावतात आणि लुटालूट सुरू होते. सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसून झाकणं सोलायची. दोन चौकटींचं हातयंत्र आधी हळू फिरवायचं, एका बाजूचा अर्धा मध निघाला की चौकट उलटवायची, दुसरी बाजू पूर्ण काढायची, मग परत पहिली. एकदम जोर लावला की नवं पोळं फाटतं. मध दुहेरी मलमलीतून गाळून झाकलेल्या स्टीलच्या डब्यात दोन-तीन दिवस स्थिर ठेवायचा; मेणाचा चुरा आणि हवेचे बुडबुडे वर येतात, साय काढतो तशी वरची पातळी काढून टाकायची. बरण्या उन्हात कडकडीत वाळवलेल्या हव्यात. मध चुलीवर तापवू नये. हिवाळ्यात तो दाणेदार झाला तर भेसळ नव्हे. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो.

हे सगळं २ मार्चला नीट केलं होतं. तीच माणसं, तेच यंत्र, बावीस दिवसांनी. पहिल्या खेपेच्या यशानं हात सैल सुटला, दुसरं काही नाही.

राहिलेली पेटी

दुसऱ्या पेटीतून मध काढलाच नाही, कारण काढण्यासारखा वाटला नाही. २० मेला ती चौकट-चौकट उघडून पाहिली. चार चौकटी माश्या, प्रत्येकीच्या माथ्यावर मधाचा पट्टा शाबूत, मधल्या दोन चौकटींत रुपयाएवढ्या जागेत अंडी. रोडकी पण शहाणी, असं म्हणायचा मोह होतो. पण शहाणपण पेटीचं नव्हतं, तिच्या वाट्याला कुणी गेलं नाही एवढंच.

तिच्यासाठी आणि पुढच्या हंगामासाठी ठरलं ते असं. पिल्लाकोठीतला मध कधीही काढायचा नाही. संत्र्याचा मध एकदाच, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. निंबाचा भरला तर भरला. एप्रिलच्या १५ तारखेला सगळ्या चौकटींवर मिळून सव्वा किलोच्या वर साठा असेल तरच वरचा काढायचा. सव्वा किलो म्हणजे दोन बोटं पट्टा असलेल्या सहा चौकटी. दर आठवड्याला पेटी मागून एका हातानं थोडी उचलून पाहायची. दोन-चार वेळा केलं की हाताला वजन कळायला लागतं.

साठा कमी दिसला तर साखरेचा पाक. एप्रिल-मेमध्ये एक किलो साखरेला एक लीटर पाणी. पाणी उकळून उतरवायचं, त्यात साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं. झाकणाला सुईनं पाच-सहा भोकं पाडलेली बरणी भरून आतल्या झाकणाच्या भोकावर उपडी, दिवस मावळल्यावर, एका वेळी पाव लीटर. सकाळी उरला तर काढून घ्यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर साठा करून द्यायचा असेल तर साखर दुप्पट. गूळ किंवा काकवी देऊ नये, माश्यांना हगवण लागते. आणि पाक चालू असताना मधकोठी चढवायची नाही, नाहीतर बरणीत येतो तो साखरेचा पाकच.

पाण्यासाठी टाक्याच्या बाजूला मातीचं पसरट परळ, त्यात खडे, पाणी खड्यांच्या माथ्याच्या खाली. ते वर्षभर भरलेलं ठेवायचं. माशीला एकदा जागा लागली की लागली. मे महिन्यात परळ दोन दिवस कोरडं राहिलं तर ती शेजाऱ्याच्या नळावर जाते आणि मग भांडण पेटीवर येतं. दुपारच्या उन्हासाठी पश्चिमेला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, ताटी, पेटीपासून हातभर दूर. बाहेरच्या झाकणावर गवताची पेंढी, तिच्यावर ओलं पोतं, दुपारी बारा आणि तीनला शिंपडायचं. पोतं दारावर येऊ द्यायचं नाही.

जुलैपासून पेटी महिन्यातून दोनदा उघडायची, उघडीप पाहून. तळपाट दर आठ-दहा दिवसांनी खरवडायचं, कारण मेणकिडा त्या भुग्यातच अंडी घालतो. ऑगस्टनंतर गांधीलमाशी दारात घिरट्या घालते. दार दोन माश्या एका वेळी जातील एवढंच ठेवलं तर रखवालदार माश्या निभावून नेतात. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो, त्याचं काही करता येत नाही आणि करायची गरजही नसते.

खरी काळजी कपाशीच्या फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. जिथं माणसाच्या नाकातोंडाला फडकं मिळत नाही तिथं माशीसाठी कोण थांबतो, हा प्रश्न आहेच. तरी शेजारच्या दोन-तीन वावरांच्या मालकांशी बोलून ठेवलं की बरंच साधतं. फवारणी दिवस मावळताना करा, एवढंच मागायचं. ती सकाळीच होणार असेल तर आदल्या रात्री दारावर बारीक जाळी, पेटीवर ओलं पोतं, आत पाण्याचा ओला बोळा, आणि दुपारच्या आत जाळी काढायची. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर कोंडलेली पेटी आतच शिजते. संत्र्याच्या बागेत सायला या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारतात तो नेमका नव्या नवतीचा, म्हणजे फुलांचाच काळ असतो. फुलं उघडी असताना नको, कळी धरण्याआधी किंवा फुलं गळाल्यावर, हे बागवाल्याला फळधारणेच्या भाषेत सांगितलं तर त्याला लवकर पटतं.

डंख लागला तर नांगी नखानं लगेच खरवडून काढायची, चिमटीत धरायची नाही. डंख हाताला आणि सूज ओठांना, किंवा दम लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना.

पहिल्या पेटीची सातही पोळी काळी पडलेली होती. ती परत वापरायची नव्हती. गोणपाटाच्या पिशवीत बांधून, वर दगड ठेवून पाण्यात उकळली. गार झाल्यावर पाण्यावर मेणाची पातळ पोळी जमली. जुन्या पोळ्यांत मेण कमी आणि कोषांची सालं जास्त, त्यामुळं निघालं ते मुठीत मावेल एवढंच. त्यातलं थोडं गरम करून रिकाम्या पेटीला आतून चोळलं, मागची भोकं बुजवली आणि पेटी टिनाखालून उचलून चिंचेच्या सावलीत ठेवली. ऑक्टोबरात वाटाड्या माश्या तीन दिवस आत-बाहेर करून गेल्या. थवा आला नाही. तूर फुलली की विहिरीच्या कपारीतलं दुसरं मोहोळ धरायचं आहे. दोर आणि दोन माणसं सांगून ठेवली आहेत.